पाळी अनियमित, दिवस राहत नाहीत : औषधांच्या पहिल्या सहा महिन्यांसाठी

"तुमचे हार्मोन्स बिघडले आहेत, गोळ्या सुरू करू." एवढे ऐकून दवाखान्यातून बाहेर पडलेल्या बाईच्या हातात चिठ्ठी असते, पण आपल्याला नेमके काय झाले आहे हे तिला सांगता येत नाही. "हार्मोन्स बिघडले" हे निदान नव्हेच. ते "ताप आहे" म्हणण्यासारखे झाले. ताप कशाचा, हे कळल्यावर औषध ठरते.

थायरॉइड मंद झालेले असू शकते. प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारा हार्मोन, चढलेले असू शकते. पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) असू शकतो, आणि बीज न फुटणाऱ्या बहुतेक जणींत तोच निघतो. कधी मेंदूकडून अंडाशयाला संदेशच जात नाही. कधी संदेश जोरात येत असतो, पण अंडाशयातला बीजांचा साठाच संपत आलेला असतो. या पाचही प्रकारांत पाळी विस्कटते आणि दिवस राहत नाहीत. औषधाची वाट मात्र प्रत्येकीची वेगळी. मैत्रिणीला ज्या गोळीने गुण आला ती तुम्हाला निरुपयोगी ठरू शकते, ते याचमुळे.

म्हणून दोन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. माझा कोणता हार्मोन बिघडला आहे? आणि या महिन्यात बीज बाहेर पडले का? प्रत्येक भेटीत हेच विचारायचे. पुढे काही ठिकाणी औषधांच्या मात्रा दिल्या आहेत, त्या तुमची चिठ्ठी तुम्हाला वाचता यावी म्हणून. स्वतःहून दुकानातून गोळ्या आणण्यासाठी नव्हे.

केव्हा जायचे

नियमित संबंध असून वर्षभरात दिवस राहिले नाहीत, तर तपासणी करावी. वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिने पुरे, चाळिशी ओलांडली असेल तर थांबूच नये. पण हा हिशेब पाळी नियमित असलेल्यांसाठी आहे. दोन पाळ्यांमध्ये ३५ दिवसांहून जास्त अंतर पडत असेल किंवा वर्षाला आठहून कमी पाळ्या येत असतील, तर वर्षभर वाट पाहण्यात अर्थ नाही. बीज वेळेवर सुटत नाही हे पाळीनेच सांगितलेले असते.

वही आजच सुरू करा. मोकळेपणाने लाल रक्तस्राव सुरू होतो तो दिवस पहिला. आदल्या दिवशीचा तपकिरी डाग त्यात धरायचा नाही. पुढे सगळे काही या पहिल्या दिवसावरून मोजले जाते, त्यामुळे इथली चूक सगळीकडे पसरते.

तपासण्या, आणि त्यांतले खड्डे

एफएसएच (अंडाशयाला बीज वाढवायला सांगणारा मेंदूकडचा हार्मोन), एलएच (बीज सोडायला सांगणारा) आणि इस्ट्राडिओल (अंडाशयातले मुख्य इस्ट्रोजेन) यांचे रक्त पाळीच्या दुसऱ्या ते चौथ्या दिवशी देतात. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), प्रोलॅक्टिन आणि एएमएच (बीजांच्या साठ्याची) कोणत्याही दिवशी चालते. सोनोग्राफीत अंडाशय आणि गर्भाशयाचे अस्तर दिसते. इथवर सोपे आहे.

घोळ होतो तो प्रोजेस्टेरॉनच्या, म्हणजे बीज सुटल्यावर वाढणाऱ्या हार्मोनच्या, तपासणीत. बीज फुटले की नाही हे तिच्यावरून कळते आणि चिठ्ठीवर ठरलेले वाक्य असते, "२१ व्या दिवशी". ते २८ दिवसांची पाळी गृहीत धरून आलेले आहे. खरा नियम, पुढची पाळी अपेक्षित असते त्याच्या सात दिवस आधी. तुमची पाळी ३५ दिवसांची असेल तर रक्त २८ व्या दिवशी द्यायला हवे. २१ व्या दिवशी दिले तर अहवाल "बीज फुटले नाही" म्हणेल, आणि ते त्याच सुमारास फुटत असेलही. आकडा ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या वर असेल तर बीज सुटले असे धरतात.

प्रोलॅक्टिनही फसवे आहे. रात्रीची झोप न होणे, घाबरणे, स्तनांची तपासणी, नुकताच झालेला संबंध, यांपैकी कशानेही ते थोडे चढते. उठल्यावर दोन-तीन तासांनी, शांत बसून रक्त द्या, आणि किंचित वाढलेले आले तर औषधाआधी एकदा पुन्हा तपासा. मळमळीवरची डोम्पेरिडोन आणि मेटोक्लोप्रमाइड, मानसिक आजारांवरची रिस्पेरिडोन अशी औषधेही प्रोलॅक्टिन वाढवतात. मंद थायरॉइडही वाढवते. म्हणजे प्रोलॅक्टिनच्या गोळीआधी टीएसएच पाहिलेले हवे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर प्रयोगशाळेत सांगा. बायोटिनमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून रक्त देण्यापूर्वी दोन-तीन दिवस ते बंद ठेवतात.

एएमएचवरून बीजांच्या साठ्याचा अंदाज येतो, त्यांच्या दर्जाचा नाही. पीसीओएसमध्ये ते जास्त येते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना कमी येऊ शकते. हा एक आकडा पाहून रात्रभर जागणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. तो एकटा काहीच ठरवत नाही.

आणि नवऱ्याची वीर्यतपासणी. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, एवढीच त्याची तयारी. बाईच्या तीन-तीनदा तपासण्या झाल्या, सहा महिने गोळ्या झाल्या आणि मग नवऱ्याचा अहवाल मागितला, हे फार ठिकाणी घडते. माझ्या मते हा अहवाल आल्याशिवाय बीज वाढवणारी पहिली गोळी घेऊ नये. गर्भनलिका उघड्या आहेत का हे पाहणारी तपासणी कधी करायची, हे वय आणि आधीचे आजार पाहून ठरते. ओटीपोटात पूर्वी जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर ती आधीच करून घ्यावी. इंजेक्शनांच्या आधी तर हवीच.

याच काळात फॉलिक अॅसिड सुरू होते, साधारणपणे रोज ४०० मायक्रोग्रॅम. मधुमेह, अपस्माराची औषधे किंवा आधीच्या बाळाच्या मणक्यात दोष, असे काही असेल तर डॉक्टर ५ मिलिग्रॅम देतात. चालू असलेली सगळी औषधे दाखवा. मुरुमांवरची आयसोट्रेटिनोइन, अपस्मारावरची व्हॅलप्रोएट, नको असलेल्या केसांसाठीची स्पायरोनोलॅक्टोन ही गर्भाला घातक ठरू शकतात. वजनासाठी सेमाग्लुटाइड घेत असाल तर ते दिवस राहण्याच्या प्रयत्नांआधी किमान दोन महिने थांबवावे लागते. मात्र व्हॅलप्रोएट मनाने बंद करायची नाही. ती डॉक्टरच बदलून देतात.

पाळी आणणारी गोळी वेगळी, बीज आणणारी वेगळी

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव येतो आणि घरात सगळ्यांना हायसे वाटते, "हार्मोन्स जागेवर आले". प्रत्यक्षात त्या गोळ्या बीज सुटू देत नाहीत. तो रक्तस्राव गोळी थांबल्याचा. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्या पाच ते दहा दिवस देऊन आणलेली पाळीही तशीच. बीज फुटल्याची ती खूण नव्हे. लांबलेल्या पाळ्यांत अस्तर जाड होऊ नये म्हणून किंवा उपचाराला पहिला दिवस मिळावा म्हणून या गोळ्या देतात, ते योग्यच आहे. पण मूल हवे असताना महिनोन्‌महिने फक्त "पाळी नियमित करायच्या" गोळ्या चालू असतील, तर वहीतला दुसरा प्रश्न विचारायची वेळ झाली आहे.

थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन

हे दोन बिघाड त्यातल्या त्यात सरळ. मूळ दुरुस्त केले की बीज पुष्कळदा आपोआप सुटू लागते आणि वेगळी गोळी लागत नाही.

थायरॉइडसाठी लेव्होथायरॉक्सिन. सकाळी उपाशीपोटी, पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा ते एक तास. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब, नाहीतर ती शोषलीच जात नाही. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहतात; त्याआधी पाहिले तर आकडा स्थिरावलेला नसतो. मूल हवे असणाऱ्या आणि ही गोळी चालू असलेल्या बाईचे टीएसएच साधारण २.५ च्या खाली ठेवण्याकडे कल असतो.

प्रोलॅक्टिनसाठी बहुधा कॅबरगोलिन, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा, सुरुवातीला पाव ते अर्धा मिलिग्रॅम. रोजची नाही, रोज घेतल्याच्या चुका होतात, म्हणून ठरलेले वार वहीत लिहा. रात्री जेवल्यावर घेतली की मळमळ कमी होते. सकाळी झटकन उठू नका, चक्कर येते. ब्रोमोक्रिप्टीन जुनी आहे, रोज घ्यावी लागते आणि पोटाला जास्त त्रास देते. आकडा बराच चढलेला असेल तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीचा एमआरआय करतात. तिथे लहान गाठ दिसली तर घाबरून जाऊ नका. ती जवळजवळ नेहमीच कर्करोगाची नसते आणि याच गोळीने आकसते. डोकेदुखी वाढली किंवा कडेचे दिसेनासे झाले, तर मात्र त्याच दिवशी कळवा. अजून एक बारकावा: या गोळीने बीज आधी सुटते आणि पाळी नंतर येते. त्यामुळे पाळी परत यायच्या आतच दिवस राहू शकतात.

पीसीओएस : गोळीचा एक महिना

इथे अंडाशयात बीजे भरपूर असतात, पण एकही शेवटपर्यंत वाढत नाही. वजन जास्त असेल तर ते ५ टक्के उतरले तरी काहींची पाळी सुधारते. सडपातळ बाईला "वजन कमी करा" सांगण्यात मात्र अर्थ नाही, आणि ३८ वर्षांच्या बाईला वजनासाठी वर्षभर थांबवणेही मला पटत नाही.

आज पहिली पसंती लेट्रोझोलला आहे. गोळी हाती आली की डब्यातला कागद वाचून छातीत धस्स होते, कारण त्यावर स्तनाचा कर्करोग आणि पाळी गेलेल्या स्त्रिया असे लिहिलेले असते. ही गोळी मुळात त्यासाठीच बनली. ती शरीरात इस्ट्रोजेन तयार होणे थोडे दिवस रोखते. इस्ट्रोजेन कमी पडले असे वाटून मेंदू एफएसएच वाढवतो, आणि त्या जोरावर बीज वाढते. तिचा निम्मा अंश सुमारे दोन दिवसांत शरीरातून जातो, त्यामुळे गर्भ रुजेपर्यंत ती जवळजवळ उरलेली नसते. २०१४ साली अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाच चक्रांपर्यंत लेट्रोझोल घेतलेल्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, क्लोमिफीन घेतलेल्यांपैकी १९.१ टक्के. त्यानंतर पारडे फिरले. हे आकडे दुसऱ्याही कारणासाठी लक्षात ठेवा: पहिल्याच महिन्यात यश येईल अशी आशा कोणी दाखवली, तर ती या आकड्यांत बसत नाही.

आता महिना कसा जातो ते पाहू. गोळी सुरू करण्याआधी गरोदर नसल्याची खात्री करतात. मग तिसऱ्या ते सातव्या दिवशी रोज २.५ मिलिग्रॅम, ठरावीक वेळी. काही डॉक्टर दुसऱ्या दिवसापासून देतात, त्याने फारसा फरक पडत नाही. डोके दुखते, थकवा येतो, अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे वाटते. दहाव्या ते बाराव्या दिवसापासून सोनोग्राफी सुरू होते, तिला सगळे "फॉलिक्युलर स्टडी" म्हणतात. फॉलिकल म्हणजे बीजाची पाण्याने भरलेली पिशवी. ती १८ मिलिमीटरच्या पुढे गेली की फुटायला आली असे समजतात, आणि अस्तर ७ मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त असावे अशी अपेक्षा असते. अहवालावरचे हे दोन आकडे स्वतः वहीत उतरवून घ्या.

काही वेळा बीज सुटावे म्हणून एचसीजीचे इंजेक्शन देतात; गरोदरपणाची पट्टी शोधते तो हाच हार्मोन. त्यानंतर साधारण ३६ ते ४० तासांत बीज सुटते. इंजेक्शन दिले नाही तरी पिशवी बहुधा आपली आपण फुटते. बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, एवढाच काळ उपयोगाचा. दर एक-दोन दिवसांनी संबंध आले की झाले, घड्याळ लावून बसायची गरज नाही. घरी लघवीवर एलएच तपासायच्या पट्ट्या मिळतात, पण पीसीओएसमध्ये एलएच मुळातच चढलेले असू शकते, त्यामुळे पट्टी उगीचच "हो" म्हणते. भरवसा सोनोग्राफीवर आणि बीज सुटल्यावर सात दिवसांनी पाहिलेल्या प्रोजेस्टेरॉनवर ठेवा.

बीज फुटलेच नाही, तर पुढच्या वेळी ५ आणि मग ७.५ मिलिग्रॅमपर्यंत वाढवतात. फुटले पण दिवस राहिले नाहीत, तर मात्रा वाढवण्याचे कारण नाही. तीच पुन्हा देतात. या दोन अपयशांत फरक आहे, आणि तो वहीत दिसला पाहिजे. "तीन महिने गोळ्या घेतल्या, काही झाले नाही" एवढ्यावरून पुढच्या डॉक्टरांना काहीच कळत नाही.

क्लोमिफीन १९६७ पासून अमेरिकेत मान्यताप्राप्त आहे आणि अजूनही वापरात आहे. रोज ५० मिलिग्रॅम, पाच दिवस, गरजेनुसार १५० पर्यंत. ती मेंदूला इस्ट्रोजेन दिसू देत नाही, पण शरीरात दीर्घकाळ राहते आणि काहींचे अस्तर पातळ करते. डोळ्यांपुढे चमकणे, अंधुक दिसणे असे झाले तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना फोन करा. जुळ्यांची शक्यता दोन्ही गोळ्यांत वाढते, क्लोमिफीनमध्ये जरा जास्त.

मेटफॉर्मिन शरीराला इन्सुलिन नीट वापरता यावे यासाठी आहे. बीज फोडायला ती एकटी कमी पडते, जोडीला मदत करते. ५०० मिलिग्रॅमपासून, जेवणाबरोबर, हळूहळू वाढवत. पहिले दोन आठवडे पोट बिघडते, त्या काळात पुष्कळ जणी सोडून देतात. हळूहळू विरघळणारी गोळी मागून पाहा. वर्षानुवर्षे घ्यायची झाल्यास बी-१२ तपासत राहावे.

इंजेक्शने

गोळ्यांनी बीज वाढत नसेल तर एफएसएचची इंजेक्शने येतात. यांचा इतिहास गमतीचा आहे: पाळी गेलेल्या स्त्रियांच्या लघवीत हा हार्मोन भरपूर उतरतो, म्हणून सुरुवातीच्या काळात इटलीतल्या मठांमधून वृद्ध नन्सची लघवी गोळा करून औषध बनवले जाई. आता बरेचसे प्रयोगशाळेत बनते. पोटावरच्या कातडीखाली, रोज ठरल्या वेळी घ्यायचे. परिचारिकेसमोर पहिले स्वतः टोचून पाहा, मग घरी हात थरथरत नाही. फ्रिजमध्ये ठेवायचे असेल तर २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

पीसीओएसमध्ये कमी मात्रेने, ३७.५ ते ७५ युनिटांनी सुरू करून दमादमाने वाढवतात, कारण एकदम पाच-सहा बीजे वाढण्याचा धोका असतो. दोन-तीनपेक्षा जास्त पिशव्या मोठ्या झाल्या तर डॉक्टर तो महिना रद्द करतात, एचसीजी देत नाहीत आणि संबंध टाळायला सांगतात. इतके पैसे आणि इतक्या सुया वाया गेल्या म्हणून वाद घालावासा वाटतो. घालू नका. तिळ्यांच्या गरोदरपणात आई आणि बाळे दोघांनाही जी जोखीम असते, तिच्यापुढे एक महिना काहीच नाही.

पोट झपाट्याने फुगणे, दिवसात किलोभर वजन वाढणे, लघवी कमी होणे, उलट्या, धाप, पोटरी दुखून सुजणे, ही अंडाशय अतिउत्तेजित झाल्याची लक्षणे. रात्र असली तरी रुग्णालयात जायचे.

संदेशच नाही, किंवा साठाच नाही

खूप कमी वजन, अति व्यायाम, दीर्घ ताण, यांमुळे मेंदू एफएसएच-एलएच पाठवणेच थांबवतो. रक्तात दोन्ही कमी, इस्ट्रोजेनही कमी. इथे क्लोमिफीनचा सहसा उपयोग होत नाही, कारण फसवायला मेंदू जागा नसतो. आधी खाणे आणि वजन सावरायचे. नंतर एफएसएच आणि एलएच दोन्ही असलेली इंजेक्शने, किंवा दर ६० ते ९० मिनिटांनी सूक्ष्म मात्रा सोडणारा जीएनआरएचचा (एफएसएच-एलएच सोडायला लावणाऱ्या मेंदूतल्या हार्मोनचा) पंप. तो मिळत असेल तर पाळी निसर्गक्रमाने येते.

एफएसएच खूप जास्त आणि इस्ट्रोजेन कमी, हे चाळिशीच्या आत दोनदा तपासून पक्के झाले, तर बीज वाढवणारी औषधे देऊन हाती फारसे लागत नाही. मोजक्या जणींना आपसूक दिवस राहतात, पण ते औषधामुळे नव्हे. "अजून एक कोर्स करून पाहू" असे पुन्हापुन्हा सांगितले जात असेल तर दुसरे मत घ्या. दात्या स्त्रीचे बीज वापरण्याबद्दल बोलायला किती वेळ घ्यायचा हे तुमचे तुम्ही ठरवा. हाडांसाठी हार्मोन्सची भरपाई मात्र लांबवू नका.

किती महिने, आणि महिन्याअखेरीस काय

बीज फुटणारी साधारण सहा चक्रे, मग थांबून पुढचा विचार. वय ३५ च्या पुढे असेल तर तीन-चार चक्रांनंतरच तो करावा.

गरोदरपणाची तपासणी बीज सुटल्यावर १४ दिवसांनी. एचसीजीचे इंजेक्शन घेतले असेल तर आधी बघायचा मोह आवरा, कारण ते इंजेक्शनच पट्टीवर दुसरी रेघ उमटवते आणि ते शरीरातून जायला दहा ते चौदा दिवस लागतात. डॉक्टरांनी दिलेले प्रोजेस्टेरॉन चालू असेल तर छाती जड होणे, पोट फुगणे, झोप येणे या गरोदरपणासारख्या गोष्टी त्यानेही होतात.

दोन रेघा आल्या तर त्याच दिवशी फोन करा. लेव्होथायरॉक्सिनची मात्रा लगेच वाढवावी लागते, बहुधा आठवड्याला दोन गोळ्या जास्त. कॅबरगोलिन बहुतेक जणींची थांबवतात, पीयूष ग्रंथीत मोठी गाठ असेल तर विचारूनच. मेटफॉर्मिनबद्दल प्रत्येक डॉक्टरांचे मत वेगळे असते. सहा-सात आठवड्यांची सोनोग्राफी ठरवून टाका. त्याआधी पोटात एका बाजूला तीव्र दुखले, खांद्याच्या टोकाला कळ आली किंवा भोवळ आली, तर गर्भ नळीत असल्याची शंका घेऊन तातडीने रुग्णालय गाठा.

एकच रेघ आली आणि दोन दिवसांनी पाळी आली, तर जेवढे रडायचे तेवढे रडून घ्या. लाल रक्तस्राव मोकळा सुरू झाला ती तारीख तेवढी वहीत लिहा. तो पुढच्या चक्राचा पहिला दिवस आहे, आणि गोळी तिसऱ्या दिवशी सुरू करायची असेल तर डॉक्टरांना त्याच संध्याकाळी कळवावे लागते.